तिघांचा एक नमुना

प्रयोगशाळेचं पत्र वकिलाने उभं राहून वाचलं. वर्तमानपत्रातलं हवामानसुद्धा तो उभं राहूनच वाचायचा, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"'आपण पाठवलेल्या लाळेच्या नमुन्यात किमान तीन व्यक्तींचा डीएनए आढळला आहे. त्यांपैकी एक पुरुष असून दोन स्त्रिया आहेत. सबब सदर नमुना साठवणुकीस अपात्र ठरवून नष्ट करण्यात आला आहे.'" त्याने कागदाची घडी घातली आणि चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं. "दोन स्त्रिया, आत्या."

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या दादाने, म्हणजे वकिलाच्या वडिलांनी, आपल्या बहिणीकडे पाहिलं. त्याच्या बायकोने, वहिनींनी, जमिनीकडे पाहिलं, कारण त्या दोघींपैकी एक त्या होत्या. आत्याची मान मात्र ताठ होती.

"बरोबर ओळखलं की त्यांनी," ती म्हणाली. "मशीन चांगलं दिसतंय."

दारापाशी पांढरी थंड पेटी मांडीवर घेऊन प्रयोगशाळेची मुलगी बसली होती. तिने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. लाळेचा नाद सोडा, सरळ घरी जाऊन रक्तच घेऊन या, असं सांगून तिला आज धाडलं होतं. जिना चढून ती आत आली तेव्हाच आत्याने तिचं बारसं 'पेटीवाली' असं करून टाकलं होतं, आणि तिनेही ते मुकाट्याने चालवून घेतलं होतं.

आता आत्याच्या चुकीला चूक म्हणायचं तर म्हणावं. पण खालच्या मजल्यावरच्या बियाण्यांच्या पेढीत जो माणूस पस्तीस वर्षं वावरला, त्याच्या हातून दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. गाडी भरून पोती आली की आत्या टोकदार नळी घेऊन सज्ज. एका पोत्यात वर, एकात मध्ये, एकात पार तळाशी नळी खुपसायची, सगळ्या मुठी ताटात एकत्र करायच्या, नीट कालवायच्या आणि त्यातलं मूठभर पुडीत घालून, वर लॉटचा नंबर नि तारीख लिहून कपाटात ठेवायचं. दोन हंगाम ती पुडी तिथेच. बी उगवलं नाही म्हणून कुणी भांडत आलं की आत्या कपाट उघडायची, ओल्या टिपकागदावर दाणे मांडायची आणि आठव्या दिवशी एक तर माफी मागायची नाही तर समोरच्याला मागायला लावायची. एकाच पोत्यातून काढलेली मूठ म्हणजे नमुना नव्हे, ती थट्टा, असं तिचं ठाम मत होतं.

दोन महिन्यांपूर्वी टपालाने ती प्लॅस्टिकची नळी आली. औषधांनी दादाच्या तोंडाला कोरड पडलेली. अर्धा तास खटपट करूनही लाळ रेघेच्या दोन बोटं खालीच राहिली. सोबतच्या कागदावर 'कुटुंबातील आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी' असं ठळक छापलं होतं. आत्याने ते दोनदा वाचलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजार घराचा, मग नमुना एकट्या दादाचा कसा चालेल? तिने स्वतःची भर घातली, नको नको म्हणणाऱ्या वहिनींना घालायला लावली, झाकण लावलं, नळी हलवून एकजीव केली आणि सुवाच्य अक्षरात वर लॉट नंबरसुद्धा लिहिला.

"आई तर या घरात लग्न करून आली," वकील म्हणाला. "तिचा आणि या आजाराचा संबंध काय?"

"पंचेचाळीस वर्षं एका पेल्यानं पाणी पितात, म्हटलं असेल थोडाफार," आत्या म्हणाली, आणि या वेळी मात्र तिने नजर चुकवली. आतून ती खजील झाली होती. नमुना काढावा तर तिनेच, असा जिचा लौकिक, तिचा नमुना परत आला होता.

खजील व्हायला कारणही तसंच होतं. या घरात पंचेचाळिशीच्या आसपास काहींचे पाय फितूर होतात. शब्द घरातलाच, डॉक्टरांचा नव्हे. आधी एखादी पायरी चुकते, मग माणूस भिंतीला हात लावून चालू लागतो, पुढे हात थरथरतात, जीभ जड होते, घास उतरेनासा होतो. आत्याच्या वडिलांना झालं, मधल्या भावाला झालं, दादाला झालं. मधला मागच्या हिवाळ्यात गेला. माहीत असलेल्या सगळ्या तपासण्या दादावर करून झाल्या होत्या आणि काहीच सापडलं नव्हतं. तेव्हा मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज सापडत नाही म्हणजे कधीच सापडणार नाही असं नाही. दरवर्षी नवी कारणं कळतायत. पण ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी ज्याला खरोखर आजार झाला अशा माणसाचा डीएनए हाताशी हवा. तो नसेल तर निरोग्यांना तपासून उपयोग नाही, काय शोधायचं तेच कळणार नाही. मधल्याचा ठेवायचं कुणाला सुचलं नाही. आता असा माणूस एकटा दादा उरला होता, आणि त्यालाही हल्ली पाणी चमच्याने द्यावं लागत होतं.

"रक्त किती घेणार?" आत्याने पेटीवालीला विचारलं. अपमान गिळायचा तिचा हाच उपाय होता, प्रश्न विचारत सुटायचं.

"दोन छोट्या नळ्या."

"मग त्या रक्ताचं काय करता?"

"त्यातून डीएनए वेगळा काढतो. पांढरट धाग्यांसारखा दिसतो."

"डोळ्यांना दिसतो?" आत्याने खुर्ची पुढे ओढली.

"दिसतो की. मग तो द्रावणात घालून गोठवतो."

"आणि लाईट गेली तर?"

"जनरेटर आहे."

"तो बंद पडला तर?"

"दुसरा आहे. शिवाय प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग वेगळ्या इमारतीत ठेवलेला असतो. एका ठिकाणी आग लागली तरी दुसरा वाचतो."

"ऐकलंस दादा?" आत्या खुर्चीतच वळली. "वीस वर्षं मी सांगतेय, कपाटाची दुसरी जोडी गोदामात ठेवू या. ऐकलंस?" दादाने ऐकलं असावं, कारण त्याने डोळे मिटून घेतले. "बरं, किती हंगाम टिकतो?"

"पन्नास वर्षं तरी. नीट ठेवला तर त्याहून जास्त."

"पन्नास!" आत्या म्हणाली. "आणि उगवतो का?"

"नाही हो आत्याबाई. उगवत नाही. तो वाचायचा असतो. पुस्तकासारखा."

"आत्ता वाचता येत नाही?"

"अक्षरं वाचता येतात. कुठल्या ओळीत चूक आहे ते ओळखता येत नाही, एवढंच."

इतकं साधं, इतकं नेमकं उत्तर तिला बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं. तिला ती प्रयोगशाळा बघायची फार इच्छा झाली.

"प्रश्न संपले असतील तर," वकील म्हणाला, "मी मुद्द्यावर येऊ का?" मुद्दा त्याच्या हातातल्या फॉर्मवर होता. तिसऱ्या पानावर एकच रिकामी ओळ होती. नमुना देणारी व्यक्ती हयात नसेल तेव्हा नमुना उघडण्याचा अधिकार कुणाला? एकच नाव लिहा. "इथे माझं नाव घालतो. मी मुलगा आहे, सरळ आहे."

"सरळ कसं?" भिंतीला टेकून उभी असलेली नकाशेवाली पहिल्यांदाच बोलली. ही मधल्याची मुलगी. जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची आणि घरातही हद्दीच्या बाबतीत फार काटेकोर होती. "तू परवाच म्हणालास ना, तुला काही जाणून घ्यायचं नाही म्हणून? मग उद्या तपासणी निघाली आणि तू नाही म्हणालास, तर मी काय करायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"नाही, आत्ताच बघू. माझे बाबा गेले, त्यांचा थेंबही ठेवलेला नाही. मला कळायचं तर मोठ्या काकांच्याच नमुन्यावरून कळणार. त्या कपाटाची किल्ली तुझ्या खिशात गेली की मी कायमची दाराबाहेर."

"आणि तुझ्या खिशात गेली तर मी काय करू?" वकिलाचा आवाज चढला. "तू एक दिवस निकाल घेऊन येशील. मला नाही सांगितलंस तरी तुझ्या तोंडावर दिसेल. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. घरात दोन पोरं आहेत. रोज जिना उतरताना पायऱ्या मोजतो मी, माहितीये?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. निदान आत्याला तरी नव्हतं, आणि घरात तिला माहीत नाही अशी गोष्ट विरळा. तो कठड्याला हात लावून उतरतो हे तिने पाहिलं होतं, पण तो पोट सुटल्यामुळे, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"याचंच नाव घाला," वहिनी घाईने म्हणाल्या. "कशाला त्या वाटेला जायचं? नाही कळलं तर बिघडलं काय?"

"काकू, तुम्हाला लग्नाआधी कळलं असतं तर?" नकाशेवालीने विचारलं. विचारलं आणि लगेच तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने जीभ चावली.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवरून ओघळलेलं पाणी टिपलं, रुमालाची घडी घातली.

"केलंच असतं लग्न," त्या म्हणाल्या. "पण घर खाली बांधलं असतं गं आणि पेढी वर. सात वर्षं झाली, हा माणूस रस्त्यावर उतरलेला नाही. चौघांनी उचलून न्यायचं तर त्याला लाज वाटते. एवढं एक कळलं असतं ना, तर…" त्या थांबल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुझं नाव नको. तू उघडणार नाहीस."

वकील आईकडे बघतच राहिला. आपल्याच साक्षीदाराने भर कोर्टात उलटावं, तसं त्याचं तोंड झालं होतं. मग तो खुर्चीत बसला, आणि तो बसलेला पाहून आत्याला पहिल्यांदा त्याची दया आली.

"कधी कळेल, काही अंदाज?" नकाशेवालीने पेटीवालीला विचारलं. "साधारण?"

"खरं सांगू? नाही सांगता येत. तीन वर्षांत कळेल, पंधरात कळेल. कदाचित कळणारही नाही."

"चालेल. मी थांबेन."

ती हे इतक्या सहज म्हणाली की कुणी लक्षही दिलं नसतं. पण आत्याचे कान टवकारले.

"थांबशील म्हणजे? कशासाठी थांबशील?"

"काही नाही गं."

"त्या गुरांच्या डॉक्टरला काय सांगितलंस तू?"

गुरांचा डॉक्टर दोन वर्षं या घरी येत होता. कधी मांजराचं निमित्त, कधी बियाण्यांचं, आणि अलीकडे निमित्त काढायचंही त्याने सोडलं होतं. सगळ्यांना तो पसंत होता. आत्याने तर त्याची सात पिढ्यांची चौकशी करून ठेवली होती.

"सांगितलं, तपासणी निघेपर्यंत लग्नाचा विषय नको," नकाशेवाली म्हणाली. "त्याला पोरं फार आवडतात. मी त्याच्या गळ्यात हे बांधणार नाही. तो म्हणतो चालेल. तो काय, काहीही म्हणतो. पण मला चालत नाही. मला आधी कळायला हवं."

"किती वाजता सांगितलंस?" आत्याने विचारलं. वेळेचा इथे काही संबंध नव्हता. तोंडाला येईल तो प्रश्न होता.

पेटीवालीने वातावरण हलकं करावं म्हणून की काय, दुसरा फॉर्म काढला. "आत्याबाई, तुमचं रक्त मिळालं तर फार बरं होईल. त्याच आई-वडिलांची, पण आजार न झालेली बहीण. तुलनेला खूप उपयोग होतो. या वेळी मात्र वेगळ्या नळीत." सगळे हसले. आत्याही हसली. "वय?"

"अठ्ठावन्न."

"चालताना तोल जाणं, हात थरथरणं?"

"काही नाही. पोत्याचं तोंड एका हाताने बांधते."

"लग्न?"

"नाही."

"म्हणजे मुलं नाहीत. इथे कारण विचारलंय. वैद्यकीय, स्वेच्छेने की इतर? वंशावळीत नोंदवावं लागतं, रागावू नका."

"इतर लिहा," वहिनी परस्पर म्हणाल्या. "ठरलेलं मोडलं हो त्यांचं. काटेवाल्याशी ठरलं होतं, पुढच्या चौकात तराजू दुरुस्त करतो तो. घरात हे दुखणं आहे कळल्यावर त्या लोकांनी नकार दिला."

"हरामखोर," दादा म्हणाला. हल्ली त्याचा प्रत्येक शब्द लडबडत यायचा. हा मात्र स्वच्छ आला. आणि का येऊ नये? या एका शब्दाचा सराव त्याने बत्तीस वर्षं केला होता. तेव्हापासून पेढीचा एकही काटा त्या दुकानात गेला नव्हता. तीन तास लांबच्या गावी जायचा, आठवड्याने परत यायचा, आणि तोवर उसन्या काट्यावर धंदा चालायचा. पाय धड होते तोवर दादा तो चौक टाळून लांबच्या रस्त्याने घरी यायचा.

पेटीवालीने पेन टेकवलं. आत्याने त्या पेनाकडे पाहिलं. आयुष्यभर तिने कुठल्याही पुडीवर खोटी तारीख टाकली नव्हती. तिने नकाशेवालीकडे पाहिलं. पोरगी भिंतीला टेकून नखं कुरतडत होती, आणि बत्तीस वर्षांपूर्वी त्याच भिंतीला टेकून आपण उभ्या होतो, हे आत्याला आठवलं. ते आठवायला तिला कष्ट पडले नाहीत. तिला ते रोजच आठवायचं.

"इतर नको," ती म्हणाली. "स्वेच्छेने लिहा."

"वन्सं?" वहिनी म्हणाल्या.

"त्याने नकार दिला नव्हता. मी दिला."

वकिलाने तोंड उघडलं आणि त्याच्या स्वभावाविरुद्ध पुन्हा मिटलं.

"तो म्हणत होता, होईल ते होईल. चांगला होता तो. मीच म्हटलं, हे माझ्यापाशीच संपू दे, पुढे कुणाला द्यायचं नाही. आणि त्याला गळ घातली की घरी सांग, तुझ्या लोकांनी मोडलं. तेव्हा बाबा याच खिडकीशी बसायचे. त्यांच्या खुर्चीसमोर उभं राहून मी काय सांगणार होते? तुमच्यासारखी पोरं होतील म्हणून लग्न करत नाही, असं?" तिने दादाकडे पाहिलं. "तुला नंतर सांगायचं होतं. पण तू त्याला इतक्या शिव्या घालायचास की राहूनच गेलं."

"आणि तो कधी बोलला नाही?" नकाशेवालीने विचारलं. "इतकी वर्षं?"

"नाही बोलला. शब्द दिला होता. अजून रस्त्यात भेटला की मान लववतो."

दादाच्या छातीतून एक चमत्कारिक आवाज निघाला. वहिनी धावल्या, त्यांना वाटलं ठसका लागला. पण तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नुसतं पाणीच येत राहिलं. तो काहीतरी म्हणाला. वहिनींनी कान जवळ नेला.

"ते म्हणतात, बत्तीस वर्षं काटे तीन तास लांब पाठवले," वहिनींनी सांगितलं. "आणि म्हणतात… त्याला घरी बोलवा. वर. ते खाली जाऊ शकत नाहीत म्हणून."

आत्याने मान हलवली. नकाशेवाली भिंत सोडून तिच्याजवळ येऊन बसली.

"पण आत्या, तुला तर झालंच नाही."

"नाही ना झालं. ते मला रोज सकाळी जिना उतरताना कळतं." तिने पुतणीचा हात धरला, आणि धरला तो पोत्याचं तोंड धरावं तसा घट्ट. "अगं, चाळिशीला वाटलं, आता होईल. पंचेचाळिशीला वाटलं, आता नक्की. पन्नाशीला मी आरशासमोर एका पायावर उभी राहून बघायची. किती वेळ उभी राहिले माहितीये? कंटाळा येईपर्यंत. थांबून मला काय मिळालं? हे दोन धड पाय! काय करू मी त्यांचं?"

"मला झालं तर? आणि पोरांना?"

"होईलही. ते मी नाही म्हणत नाही. तो गुरांचा डॉक्टर आहे, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. दोघं मिळून ठरवा, मूल हवं की नको, दत्तक घ्यायचं की नुसती मांजरं पाळायची. पण ठरवा. एकटीने ठरवून त्याच्या हातात निकाल देऊ नकोस. मी दिला. त्या नळीला पन्नास वर्षं थांबता येतं गं. तुला नाही येत."

नकाशेवालीने हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि फोन उचलून गॅलरीत गेली. दार अर्धवट उघडंच राहिलं. एरवी आत्या त्या दाराशी गेली असती, काहीतरी वाळत घालायचं निमित्त काढून. आज ती जागची हलली नाही. तरी आवाज आलाच: "ये ना. आत्ता ये. नाही, नाही कळलं अजून काही. ते राहू दे. तू ये."

वकिलाने तिसरं पान पुढे ओढलं. रिकाम्या ओळीवर त्याने चुलत बहिणीचं नाव लिहिलं, आणि अक्षर खराब आलं म्हणून पुन्हा एकदा गिरवलं. गॅलरीतून ती आत आली तेव्हा तो कागद तिच्यासमोर धरून म्हणाला, "मी विचारल्याशिवाय सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"तोंडावर दिसू द्यायचं नाही."

"मी तुला भेटायलाच येणार नाही, मग तर झालं?"

"इतकं नको," वकील म्हणाला, आणि वहिनी इतक्या दिवसांनी मोठ्याने हसल्या.

दादाने अंगठा उठवला. पेटीवालीने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, आणि दोन नळ्या गडद लाल भरून निघाल्या. आत्या पुढे वाकून बघत होती. नळीवर काय लिहितात, झाकणाचा रंग जांभळा का, नळी उलटीसुलटी का करतात, किती वेळा करतात, हे सगळं तिने विचारून घेतलं. हलवायचं असतं हे ऐकून तिला जरा बरंही वाटलं. तिने नंबर स्वतः वाचून फॉर्मवरच्या नंबराशी ताडून पाहिला. नळ्या पेटीत गेल्या. पेटीतून पांढरी वाफ आली, आणि तीही कसली म्हणून विचारून झालं.

मग पेटीवालीने आत्याचा फॉर्म तिच्यापुढे ठेवला. शेवटच्या पानावर दोन चौकोन होते. भविष्यात माझ्या नमुन्याचा निकाल लागल्यास तो मला कळवावा. कळवू नये.

आत्याने पेन घेतलं. वहिनींनी तोवर फॉर्मची घडी घालायला हातही पुढे केला होता, कारण उत्तर काय असणार यात शंका नव्हती. या बाईने शेजाऱ्यांची पत्रं उजेडात धरून वाचली होती, पस्तीस वर्षं कपाटातल्या पुड्या उगवून बघितल्या होत्या. आत्याचं पेन पहिल्या चौकोनावर थोडा वेळ थांबलं. निकाल दोनच लागू शकत होते. तो आजार तिच्यात होता आणि कशामुळे तरी जागा झाला नाही. किंवा तो कधी नव्हताच, आणि पुढच्या चौकात तराजू दुरुस्त करणाऱ्या माणसाची पोरं, नातवंडं तिची असू शकली असती.

तिने दुसऱ्या चौकोनात खूण केली.

पेटीवालीने फॉर्म हातात घेतला, पाहिला आणि परत पुढे केला. "आत्याबाई, चुकीच्या चौकोनात झालं वाटतं. मी नवा देते. तुम्ही तर सगळं विचारून घेता."

"सगळं विचारीन," आत्या म्हणाली. "एवढं नको."

आणि तिने बाही वर सारून हात पुढे केला.